धन्या-जिऱ्याचं पाणी

२१ जून १९६६, सांगली

‘गाईगुरांना कोण शिकवायला जातं?’ – थोरल्या काकूंचं वाक्य. लग्नाच्या आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, उद्या नक्की काय होतं म्हणून. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या. मला पटलं. खरंच, कोण जातं!

आज ते आठवायला कारण झालं. वसतिगृहाशेजारच्या गोठ्यात पंचायत समितीचा माणूस जीप घेऊन आला होता. गाई फळवायची नवी रीत समजावून सांगत होता. भिंतीला टांगलेल्या चित्रांवर छडी फिरवत. आमच्या मुली गच्चीवर, पदर तोंडाला लावून, बघत उभ्या. म्हणजे गाईगुरांसाठीही आता माणूस येतो!

मी मुलींना खाली हाकललं. जिना उतरताना वाटलं – का हाकललं?

२५ जून

वसतिगृह भरलं. फाटकावरच्या पाटीवर माझ्या नावापुढे ‘अधीक्षिका’ आहे, पण सगळ्यांची मी नुसती ‘बाई’. मुली आष्टा, पलूस, मलकापूर अशा गावांतल्या, आपापल्या घरातून कॉलेजात आलेल्या पहिल्याच. आईबाप सोडायला येतात तेव्हा अभ्यासाचं विचारत नाहीत. आया मला बाजूला घेऊन विचारतात, ‘बाजूला बसायची सोय हाय न्हवं?’

आहे. विहिरीच्या अंगाला मागची खोली. लोखंडी खाटा, वेगळी ताटं, वेगळे तांबे. त्या दिवसांत मुलगी वर्गात सगळ्यांना खेटून बसते, प्राध्यापकांच्या हातात वही देते, आणि फाटकातून आत आली की विटाळशी! स्वयंपाकीण बाळाबाई दारातून ताट सरकवतात आणि पळतात. ही सोय नसती तर निम्म्या मुली घरीच राहिल्या असत्या.

मला ती खोली आवडत नाही. बंद करायची ताकद माझ्यात नाही.

२ जुलै

मागच्या खोलीत गेले होते. शाहजादीच्या पोटात फार कळा येत होत्या. ही आष्ट्याच्या बांगडीवाल्यांची मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, जीभ कात्रीसारखी. शेकायची पिशवी पोटावर धरून म्हणते, ‘आमच्याकडं नुसती नमाजाची सुट्टी असते, बाई. तुमच्याकडं चुलीची, ताटाची, माणसांची – समद्याचीच सुट्टी! चैन हाय की!’

सगळ्या हसल्या. त्या हसण्याच्या आडोशाने कोपऱ्यातली एक म्हणाली, ‘बाई, मुलाच्या शेजारी एका बाकावर बसलं तर दिवस जातात का?’

‘नाही.’

‘हात धरला तर?’

‘नाही.’

‘मग कशानं?’

कुणी हसलं नाही. 

हा प्रश्न दुसऱ्या कुठल्याही खोलीत कुणी विचारला नसता. इथे संस्थेची माणसं येत नाहीत, बाळाबाई येत नाहीत, बाकीच्या मुली येत नाहीत. विटाळाइतकी पक्की भिंत नाही!

मी सांगितलं. मला येत होतं तेवढं. निम्मं चुकलं असेल.

१० जुलै

आज मी स्वतःच बाजूला बसले. म्हणजे – तसं सांगितलं. एरवी आत गेलं की बाहेर पडताना आंघोळ. दिवसात तीनदा आंघोळ करणारी बाई लोकांच्या डोळ्यांत येते. त्यापेक्षा हे सोपं.

मुली आधी संकोचल्या. मग नाही.

२४ जुलै

परत बाजूला. बाळाबाईंनी ताट सरकवलं आणि दारातच थबकल्या. ‘आवं बाई, ह्या वयात आन् म्हैन्यातनं दोनदा? आसं बरं न्हवं. डाक्तरीणबाईस्नी दावा.’

आत शाहजादी उशीत तोंड खुपसून हसत होती.

३० जुलै

बना कांबळे बाजूला बसायचं नाही म्हणाली. पलूसजवळच्या खेड्यातली. दहा वर्षांपूर्वी तिचं घर बौद्ध झालं. शाहजादीची खोलीसोबतीण. यंदा मे महिन्यात हिचं लग्न झालं. नवरा सोपान, मिलिटरीत शिपाई. लग्न झालेल्या मुलीला ठेवायचं नाही असा नियम आमच्याकडे नाही, कारण तसं कुणी येईल हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

‘मी न्हाई बसनार, बाई. आमचं समदं घरानंच आजवर गावाभाईर बसत आलं. मी आता आत बसनार.’

मी म्हटलं, बस. दुसरं काय म्हणणार?

बाळाबाई दिवसभर भांडी आपटत होत्या. संध्याकाळी त्यांनीच तोड काढली. ‘कवा आली न् कवा गेली, मला ठावंच न्हाई, तर मला शिवल कुठनं?’

२ ऑगस्ट

बनाने पाळीचे कपडे धुऊन उघड्या दोरीवर वाळत घातले. बाकीच्या मुली ते ओल्या परकराखाली, अंधाऱ्या न्हाणीत वाळवतात.

बाळाबाई – ‘आगं, दिसत्यात की!’

बना – ‘दिसू द्या. कापडच हाय, झेंडा न्हवं.’

मी खिडकीतून ऐकलं. दिवसभर मधूनच हसू येत होतं.

१३ ऑगस्ट

बना गावी गेली. सोपानला आठवड्याची रजा आहे. जाताना केसांत अबोली. शाहजादी तिला चिडवून चिडवून रडवते. मागच्या खोलीत ज्या गोष्टी होतात त्या बनाला कशा सांगाव्यात? तिथे ती येत नाही. बाहेर मला बोलता येत नाही. शाहजादीला म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, ‘बाई, ती लग्न झालेली. उलट मलाच सांगल!’

२० ऑगस्ट

गावभागात डॉ. शालूबाईंच्या दवाखान्यात गेले. माझं दुखणं खरंच होतं, पाळी हल्ली कशीही येते. पण जास्त काम मुलींचं. त्यांचे प्रश्न मी माझेच म्हणून विचारत गेले – दिवस कधी राहतात, पांढरं कशाने जातं, मूल होऊ नये म्हणून लूप बसवला की दुखतं का. शालूबाई चष्म्यावरून बघत राहिल्या.

‘बाई, तुम्ही शेहेचाळीस वर्षांच्या. नवऱ्यापासून वेगळ्या होऊन वीस वर्षं झाली. लूप कशाला?’

मी पिशवीचे बंद बांधायला लागले.

‘कितीजणी आहेत?’ त्यांनी विचारलं.

मला हसू फुटलं. मग त्यांनी दार लावून घेतलं आणि नीट शिकवलं, औषधाच्या रिकाम्या खोक्यावर चित्रं काढून. बाहेर भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाच्या पाट्या आहेत – दोन किंवा तीन पुरेत म्हणून. त्या साऱ्या मूल झालेल्यांसाठी. आधीचं कुणी सांगत नाही.

निघताना त्यांनी मला तपासलं. बराच वेळ. मग म्हणाल्या, ‘लग्नानंतर कधी ओटीपोटात दुखून ताप आला होता? लघवीला जळजळ?’

‘आली होती. उष्णता म्हणाले सगळे. सासूबाई धन्या-जिऱ्याचं पाणी द्यायच्या, सकाळ-संध्याकाळ.’

‘नवरा काय करायचा?’

‘मिलिटरीत. लढाईच्या वेळी.’

शालूबाईंनी नळाखाली हात धरले. धुतच राहिल्या. ‘आता खात्रीने कुणी सांगू शकणार नाही,’ त्या म्हणाल्या, ‘पण ती उष्णता नसावी, बाई. गुप्तरोग असावा. तुम्हाला मूल झालं नाही ते बहुतेक त्याच्यामुळे. नवऱ्याकडून आलेलं.’

चालत परत आले.

२१ ऑगस्ट

काही लिहायचं नाही.

२४ ऑगस्ट

आठवलं ते लिहून ठेवते.

सयाजीराव बेचाळीस साली रजेवर आले होते. त्या रजेनंतरचं ते दुखणं. रजेत ते जेवणावर कसल्या तरी पांढऱ्या गोळ्या घ्यायचे. मी विचारलं तर म्हणाले, ‘मलेरियाच्या.’ मी रोज तांब्या भरून द्यायचे, गोळी घेताना.

म्हणजे त्यांना गोळ्या. मला धन्याचं पाणी.

लढाई संपल्यावर मला साताऱ्याला माहेरी पोचवलं. वांझ म्हणून. वर्षात दुसरी आणली – मनुबाई. तिलाही मूल नाही. हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? आज वाटलं, त्याच तांब्यातून तिलाही पाणी दिलं असेल.

राग येईल असं वाटलं होतं. येत नाही. कुणा तिसऱ्याच बाईची हकीगत वाचावी तसं वाटतं आहे.

१९ सप्टेंबर, सातारा

गणपतीसाठी भावाकडे आले. मोदकांचा नारळ आणायला बाहेर पडले तर पोवई नाक्यावर सयाजीराव! हॉटेलाच्या बाकावर. मिशा पांढऱ्या झाल्या. सुभेदार होऊन पेन्शनीत आले. मी रस्त्याच्या पलीकडे होते. त्यांनी पाहिलं नाही.

रजेवर आलेली पोरं त्यांच्याभोवती उभी. बाक रिकामा असून उभी! एकाचा कागद वाचून देत होते, दुसऱ्याला झापत होते. ‘बूट बघ तुझं! आईला भेटाया चाललास का रेड्यामागं?’ पोरं हसली आणि त्या पोराने खरंच वाकून बूट पुसले.

घरी भाऊसो म्हणाला, ‘रोज बसतात तिथं. पोरं आईबापाचं ऐकत नाहीत, पण सुभेदारांचं ऐकतात.’ मग जीभ चावली. या घरात वीस वर्षं त्यांचं नाव निघालं नव्हतं. मी नारळ खवत राहिले.

२८ सप्टेंबर, सांगली

शाहजादीने वाटेत गाठलं. ‘बाई, बनाला बरं न्हाई. गावाकडनं आल्यापास्नं. पोट धरून बसती. न्हाणीत गेली की लवकर भाईर येत न्हाई. मी सांगितलं म्हनू नका.’

त्यांच्या खोलीत गेले. बना भिंतीला टेकून वाचत होती, गाल तापाने लाल. खिडकीत फुलपात्र. पाण्यात भिजलेले धने, जिरे.

मी फुलपात्राकडे बघत राहिले. वासही तोच.

‘हे कुणी दिलं?’

‘बाळाबाईंनी. उन्हाळी लागलीया, उष्णता हाय म्हनल्या. काई न्हाई बाई, लग्नाचं असतंय ते. आई म्हनली, पैल्यांदा समद्यांस्नीच व्हतंय.’

२९ सप्टेंबर

बनाला विहिरीजवळ, दोरीवरचे कपडे काढताना गाठलं. मागच्या खोलीत ये असं म्हणायची सोय नव्हती. म्हणून तिथेच, उन्हात, सगळं सांगितलं. माझंच सांगितलं. रजा, गोळ्या, पाणी, शालूबाई काय म्हणाल्या. आवाज हलला नाही. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे, तसा लागला.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. शेवटची घडी तीनदा मोडून घातली.

‘तुमास्नी कवा कळलं?’

‘गेल्या महिन्यात.’

‘लय उशिरा कळलं, बाई.’

‘हो.’

‘चला,’ ती म्हणाली. ‘पर मी लपूनछपून न्हाई येनार. पुढच्या दारानं जाऊ.’

४ ऑक्टोबर

इंजेक्शनं चालू आहेत. ताप उतरला. शालूबाईंना वाटतं, वेळेत आली, फारसं बिघडलं नसावं. पण म्हणाल्या, ‘औषध दोघांना लागतं. हिला एकटीला देऊन काय उपयोग? तो दिवाळीला येणार, पुन्हा तेच. आणि दरवेळी अशी वेळेत सापडेलच असं नाही.’

बना परत येताना टांग्यात बोलली. ‘मी कसं सांगू त्यास्नी? मी तोंड उघडलं की म्हनतील, हिलाच कुठनं लागलं. आन् जवळ येऊ दिलं न्हाई तर म्हनतील, कालिजानं बिघडली. दोन्हीकडनं माझंच शिक्षान सुटनार.’

‘तो तसा आहे?’

‘चांगले हायत ते. लय चांगले हायत. पुस्तकं आनत्यात माझ्यासाठी.’ टांगा पुलावर चढला. ‘पर पुरुष हायत.’

शालूबाई म्हणतात, मिलिटरीत औषध मिळतं, पण माणसाने जायला हवं. बाईमाणसाने पत्र लिहिलं तर तो फाडून टाकेल आणि हिच्यावर घसरेल. पुरुषाने सांगायला हवं.

पुरुष कुठून आणू?

१२ ऑक्टोबर

आप्पासाहेबांकडे गेले. आमच्या संस्थेचे अध्यक्ष. खादी, स्वच्छ मन, बनासारख्या कितीतरी मुलींना त्यांनी घरी जाऊन शाळेत आणलं आहे. सोपानसारखे तरुण त्यांना मानतात. नाव न घेता सांगितलं. एका मुलीच्या नवऱ्याशी चार शब्द बोलाल का म्हणून विचारलं. काय बोलायचं तेही सांगितलं.

ते पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता.

‘बाई, मी विधवांची लग्नं लावली. सहभोजनं घातली, दगड खाल्ले. पण हे... हे बोलायचं कसं?’

‘मी आत्ता बोलले तसं.’

‘तुम्ही बोललात याचंच मला –’ वाक्य सोडून दिलं. ‘आमच्या मुलींना असलं काही कळतं, हे बाहेर गेलं तर उद्या वसतिगृह रिकामं होईल. तुम्हीही हे विसरा.’

मग एकदम मोकळे झाले. ‘बरं, त्या कांबळेच्या मुलीनं मला तोंडावर विचारलं, साहेब, तुम्ही सहभोजनं घालता, मग तुमच्या वसतिगृहात मागची खोली कशी? बरोबर आहे तिचं. दसऱ्याला बंद करून टाकू. आईबापांना मी बघून घेतो.’

किती सहज!

२३ ऑक्टोबर, दसरा

मागची खोली बंद झाली. बनाने आणि शाहजादीने खाटा उचलून बाहेर आणल्या. बनाच्या अंगावर नवी पांढरी साडी. दहा वर्षांपूर्वी याच दिवशी तिच्या घरच्यांनी धम्म घेतला. आज तिच्या तोंडावरचा आनंद बघून मला भरून आलं. मलाही हेच हवं होतं. अगदी हेच.

बाळाबाईंनी वेगळे तांबे चिंच लावून घासले आणि बाकीच्यांत मिसळले. ‘आता कुठला कोन वळखनार? मिटलं!’

शाहजादी खाटेवर बसून राहिली. ‘आता कुठं बसायचं, बाई?’

‘आत. सगळ्यांबरोबर.’

‘आत तर समदेच असत्यात.’

२६ ऑक्टोबर

आप्पासाहेबांना म्हटलं, रिकाम्या खोलीत महिन्यातून एकदा डॉक्टरीणबाई येऊन बसतील, दार लावून. म्हणाले, तिथे वाचनालय करायचं ठरलं आहे. दाराला काच बसवणार आहेत.

२९ ऑक्टोबर

सोपानचं बनाला पत्र आलं. आठ तारखेला साताऱ्याला उतरून मामाकडे एक मुक्काम, मग पलूस. तिच्यासाठी शब्दकोश आणतो आहे. तिने मला पत्र वाचून दाखवलं, आवाजात हसू होतं. मग घडी घालून वहीत सरकवलं.

‘बना, साताऱ्यात एक माणूस आहे,’ मी म्हटलं. ‘त्यांना सांगू का?’

‘कोन?’

मी सांगितलं, कोण.

‘ते ऐकतील तुमचं?’

‘नाही.’

‘मग?’

‘पोरं त्यांचं ऐकतात.’

ती नखाने खिडकीचा रंग खरवडत होती. ‘सांगा. पर मी बोलले असं त्यास्नी कळाया नगं. माझं नाव मधी येऊ देऊ नका.’

तेच तर अवघड आहे.

१ नोव्हेंबर

सयाजीरावांना पत्र टाकलं. वीस वर्षांत पहिलं. वाचून फाडतील. भाऊसोला निरोप पाठवतील, बहिणीला आवर म्हणून. तरी टाकलं. त्यातला शेवट इथे उतरून ठेवते –

‘सोपान कांबळे नावाचा शिपाई आठ तारखेला साताऱ्यात मामाकडे उतरतो आहे. पत्ता वर दिला आहे. बेचाळीसच्या रजेत तुम्हाला जे झालं होतं, ते त्याला झालं आहे. घरी जायच्या आधी त्याने डॉक्टरकडे जावं, एवढं त्याला सांगायचं. त्याच्या बायकोचं नाव यात कुठेही येता कामा नये. म्हणून – माझा राग नाही, मला तुमच्याकडून दुसरं काही नको – त्या पोराला बाकावर शेजारी बसवा, आणि तुमची स्वतःची गोष्ट म्हणून सांगा.’